आप्पासाहेबांची एन्ट्री

आप्पासाहेब आले तेव्हा मला मरून पन्नास मिनिटं झाली होती.

मरण नाटकातलं होतं. नाटकाचं नाव 'आता ऐका'. त्यात गोपाळराव नावाच्या माणसाचं प्रेत पडदा उघडल्यापासून पडदा पडेपर्यंत रंगमंचाच्या मधोमध आडवं असतं. ही भूमिका माझ्याकडे आली, कारण दिग्दर्शक इंद्रजितच्या मते माझ्या चेहऱ्यावर कशाचाच परिणाम होत नाही. बारामतीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस असो की श्रद्धांजली, मी गिऱ्हाइकाचा तोच फोटो वापरतो, फक्त मागचा रंग बदलतो. असं काम दहा वर्षं केल्यावर चेहरा आपोआप तयार होतो.

इंद्रजित सणसरचा. कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, म्हणजे तास संपला की तो प्राध्यापक राहत नाही. 'आता ऐका' त्यानंच लिहिलं आणि त्यानंच बसवलं. पहिला सव्वा तास त्याच्या दृष्टीनं नुसता रस्ता होता. पोचायचं होतं ते शेवटच्या अकरा मिनिटांना. त्या अकरा मिनिटांत सगळे पाव्हणे निघून जातात, आणि गोपाळरावांची बायको प्रेताशेजारी बसून पहिल्यांदा बोलते. बावीस वर्षांच्या संसारात ती 'व्हय' आणि 'न्हाय' यापलीकडे गेलेली नसते.

बायकोचं काम सारजाताई करायच्या. वडगाव निंबाळकरला त्यांचं दूध संकलन केंद्र आहे. दोन वर्षं लोकांच्या दुधाची फॅट लावता लावता त्यांनी ती अकरा मिनिटं पाठ केली. तालीम तिथंच व्हायची, सकाळचं दूध गेलं की, कॅनच्या रांगेत. तो प्रवेश संपला की इंद्रजित चष्मा पुसायचा आणि प्रेताला म्हणायचा, "शंभू, हे एका जरी माणसानं नीट बघितलं ना, तरी बास. मला दुसरं काय नको."

प्रेत असल्यामुळे मी काही बोलायचो नाही.

पहिला प्रयोग बारामतीत, रविवारी सकाळी अकराला. प्रमुख पाहुणे आप्पासाहेब, पंचायत समितीचे माजी सभापती. ते आल्यावर दीप लावायचा आणि नाटक सुरू करायचं असं ठरलं होतं. पावणेबारा झाले तरी आप्पासाहेब नाहीत. त्या दिवशी त्यांना दोन दहावे होते. आमच्याकडं दहाव्याला नुसता कावळा शिवून भागत नाही. घाटावर माईक असतो, मंडप असतो, आणि प्रत्येक गटाचा, प्रत्येक संस्थेचा एकेक माणूस मयतावर बोलतो. मयत माणूस कुणालाच नीट माहीत नसला तर भाषणं जास्त लांबतात. आप्पासाहेब या प्रकारात चाळीस वर्षं मुरलेले. आठवड्याला आठ-दहा दहावे, प्रत्येकी वीस मिनिटं.

शेवटी इंद्रजितनं दिव्याशिवाय पडदा उघडायला लावला आणि स्वतः वर प्रकाशयोजनेच्या खोलीत जाऊन बसला.

पन्नास मिनिटांनी मागचं दार उघडलं. पांढरे कपडे, मागं चार माणसं. मी एक डोळा किंचित उघडून बघितलं. आप्पासाहेब मधल्या वाटेनं पुढं येत होते आणि येता येता थबकले. त्यांच्या समोर काय होतं ते त्यांच्या बाजूनं बघायला पाहिजे. मधोमध प्रेत. भोवती बायका. आणि मागं माझ्याच दुकानातला फ्लेक्स, 'कै. गोपाळराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली', जो मी नेपथ्य म्हणून नेहमीच्याच साच्यात छापला होता. त्या साच्यातले किमान तीनशे फ्लेक्स आप्पासाहेबांनी आयुष्यात बघितले असतील.

त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि सरळ रंगमंचावर चढले.

"कधी झालं?" त्यांनी सारजाताईंना विचारलं.

सारजाताईंनी एकदा वर इंद्रजितच्या खोलीकडं बघितलं. "पहाटं," त्या म्हणाल्या.

"काय हुतं?"

"काय न्हाय. बसल्या जागी."

"चांगलं मरन हाय," आप्पासाहेब म्हणाले आणि विंगेकडं हात केला.

विंगेत सावळाराम गुरुजी होते. गुरुजी निवृत्त शिक्षक आणि बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांचे कायमचे सूत्रसंचालक. साखरपुडा, सत्कार, शर्यती आणि दहावा ते एकाच आवाजात चालवतात. आज ते फक्त सुरुवातीला 'स्वागत' म्हणायला आले होते, पण हातातला माईक त्यांनी खाली ठेवला नव्हता. पांढऱ्या कपड्यातला माणूस हात पुढं करतो आणि आपल्या हातात माईक आहे, म्हटल्यावर गुरुजींचे पाय आपोआप चालले. "यानंतर आदरणीय आप्पासाहेब श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलतील," असं म्हणून त्यांनी माईक दिला.

आता कुणी म्हणेल, चारशे माणसं बसली होती, एकानं तरी सांगायचं की हे नाटक आहे. सगळ्यांना माहीत होतं. तिकीट काढून आले होते. पण आप्पासाहेब बोलायला लागल्यावर त्यांना थांबवायचं, म्हणजे आप्पासाहेब चुकले असं चारशे माणसांसमोर म्हणायचं. त्यापेक्षा गोपाळराव खरंच गेले असं मानणं सगळ्यांना सोपं पडलं.

"गोपाळरावांचा आणि माझा ऋणानुबंध जुना," आप्पासाहेबांनी सुरुवात केली. "पानी आडवा मोहिमेत हा मानूस माझ्या खांद्याला खांदा लावून हुता. कधी पदाची आशा केली न्हाय. त्येंच्या मुलाची जबाबदारी आता आपली. त्याला कुठंतरी चिकटवू."

"पोरगं न्हाय मला, आप्पासाहेब," सारजाताई म्हणाल्या.

"मग पुतन्याला."

टाळ्या पडल्या. वीस मिनिटांनी ते थांबले. त्यांच्याबरोबरच्या चौघांना मान द्यायचा म्हणून ते चौघंही बोलले. एकानं मी भजनात पखवाज वाजवायचो असं सांगितलं, दुसऱ्यानं तीच गोष्ट आणखी रंगवली. माझ्या छातीवर झेंडूचा हार ठेवला गेला आणि त्याचा वास नाकात जाऊन मी शिंकलो. मग गुरुजी म्हणाले, "सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहावी," आणि चारशे माणसं उभी राहिली. दोन मिनिटं म्हणजे आमच्याकडं चाळीस सेकंद. गुरुजी 'ओम शांती शांती शांती' म्हणतात तेव्हा ती संपतात, त्याआधी हलायचं नाही हे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

शांती झाल्यावर गुरुजींनी सवयीनं दहाव्याची तारीखही जाहीर केली. लोक रांगेनं वर येऊन माझं दर्शन घेऊन गेले. एका आजीनं माझ्या पायाला हात लावला, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात नाट्यगृहाचा व्यवस्थापक आला. दीड वाजता साखरपुडा होता आणि केटरर दारात उभे होते. माझ्या डोक्यापाशी दोन माणसं सोफा लावायला लागली.

शेवटचा प्रवेश झालाच नाही. मी उठून बसलो तेव्हा सारजाताई फ्लेक्सची घडी घालत होत्या. तोंडानं पुटपुटत होत्या. ती अकरा मिनिटंच चालली होती, पण आता ऐकायला फक्त केटरर होते.

प्रेक्षकांत स्वरूपा बसल्या होत्या हे आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं. स्वरूपा मोठ्या नाट्यसमीक्षक. नुसतं नाव लावतात, आडनाव त्यांनी कधीतरी एका लेखात सोडलं. भिगवणला रोहित पक्षी बघायला आल्या होत्या, पक्षी आले नव्हते, म्हणून वेळ काढायला बारामतीत नाटकाला बसल्या. रविवारच्या पुरवणीत त्यांचा अर्ध्या पानाचा लेख आला. इंद्रजितनं तो दूध केंद्रावर मोठ्यानं वाचला.

"'मराठी रंगभूमीने गेल्या वीस वर्षांत असे धाडस पाहिलेले नाही. आप्पासाहेब या पुढाऱ्याची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटाने पोकळपणाचे जे शिल्प उभे केले, त्याला तोड नाही. प्रेताची एकमेव शिंक हा दबलेल्या समाजाचा हुंकार आहे.'"

"मला झेंडू चालत न्हाय," मी म्हणालो.

"'आणि शेवट? शेवट नाहीच. साखरपुड्याचा सोफा मृत्यूच्या उशाशी येतो आणि आयुष्य पुढे सरकते. या सगळ्यावर दिग्दर्शक इंद्रजित यांची अदृश्य पकड आहे.'"

"बरोबर हाय," सारजाताई एका कॅनमधलं दूध ढवळत म्हणाल्या. "अदृश्यच हुती. तुमी वरच्या खोलीत डोक्याला हात लावून बसला हुता."

इंद्रजितनं लेखाची घडी घातली, उघडली, परत घातली. प्राचार्यांनी त्याला आठ वर्षांत पहिल्यांदा चहाला बोलावलं होतं. नाव मोठं झालं होतं. "ताई, त्यात शेवटच्या प्रवेशावर एक ओळ न्हाय," तो म्हणाला.

"आसंल कशी? झालाच न्हाय."

"मी त्यांना फोन करतो."

त्यानं केला. फोन स्पीकरवर होता, म्हणून दूध घालायला आलेल्या सगळ्यांनी ऐकला.

"मॅडम, ते ठरवलेलं नव्हतं. आप्पासाहेब खरेच आप्पासाहेब आहेत."

"हेच तर," स्वरूपा म्हणाल्या. "ठरवलेलं नसल्यासारखं ठरवणं. हे आजच्या दिग्दर्शकांना जमत नाही."

"आणि शेवट करायचा राहिला."

"शेवट राहू देण्याची हिंमत किती जणांत असते, इंद्रजित?"

फोन संपल्यावर दूध घालणारे आपापले कॅन घेऊन गेले. जाताना एक जण इंद्रजितला म्हणाला, "सर, लई हुशार बाई हाय. तिला काय सांगाय जाऊ नका."

पंधरा दिवसांत पुण्यातल्या एका नाट्यमहोत्सवाचं पत्र आलं. नव्वद मिनिटांचा वेळ, आणि एक अट: प्रयोग बारामतीत झाला तसाच व्हावा, आप्पासाहेबांच्या भूमिकेतले नट तेच असावेत.

इंद्रजितनं दोन दिवस कागदावर मिनिटांचा हिशोब मांडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आप्पासाहेबांना सात मिनिटं द्यायची. उभं राहणं चाळीस सेकंद. मग पाव्हणे घालवायचे, आणि शेवटचा प्रवेश. नव्वदात बसतंय. पुण्यात तरी कुणीतरी बघंल."

आम्हाला वाटलं होतं आप्पासाहेब चिडलेले असतील. पेपरात त्यांना नट म्हटलं होतं, पोकळ म्हटलं होतं. आम्ही गेलो तर ते ओसरीवर चष्मा लावून तोच लेख वाचत बसलेले.

"या सर," ते म्हणाले. "चाळीस वर्षं बोलतोय मी. पेपरात काय येतं? 'आप्पासाहेब यांनीही मनोगत व्यक्त केले.' त्यातला 'ही' बघा. ही बाई पहिली, जिनं माझं भाषन ऐकलं."

"पोकळ म्हणाल्यात त्या," मी सांगून बघितलं.

"पन शिल्प म्हनाल्यात न्हवं?"

सात मिनिटांची अट त्यांनी लगेच मानली. "सात म्हंजे सात," ते म्हणाले. मग इंद्रजितला जवळ बसवून विचारलं, "सर, माझं पात्र आत येतं तेव्हा ते कुठनं आलेलं आसतं?"

"दोन दहावे करून," इंद्रजित म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला पस्तावा झाला.

महोत्सवाच्या दिवशी आप्पासाहेबांनी दोन दहावे करूनच यायचं ठरवलं. एक भिगवणला मिळाला, मासळीच्या एका व्यापाऱ्याच्या चुलत्याचा. दुसरा काही केल्या मिळेना. इंदापूर तालुक्यात त्या आठवड्यात तब्येती चांगल्या होत्या. कार्यकर्त्यांनी दहा-बारा गावांत फोन लावले, शेवटी एका तेराव्यावर भागवलं. भूमिकेतून बाहेर पडायला नको म्हणून भिगवणपासून पुण्यापर्यंत ते गाडीत कुणाशी बोलले नाहीत.

पुण्यातलं नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या रांगेत स्वरूपा. विंगेतून इंद्रजितनं त्यांना बघितलं आणि माझ्या अंगावर चादर नीट करत म्हणाला, "शंभू, आज होणार."

ठरलेल्या वेळी, सत्तराव्या मिनिटाला, मागचं दार उघडलं आणि आप्पासाहेब आले. नुसते आले तरी टाळ्या. त्यांनी चपला काढल्या, पुन्हा टाळ्या. "कधी झालं?" असं विचारलं तेव्हा लोक खुर्चीत पुढं सरकले.

पहिली सात मिनिटं ते ठरल्याप्रमाणे बोलले. मग मला वाटतं त्यांना पहिल्या रांगेत स्वरूपा वहीत लिहिताना दिसल्या. आठव्या मिनिटाला त्यांचा आवाज दाटला. दहाव्याला ते रडले. बाराव्याला गोपाळराव स्वातंत्र्यलढ्यात गेले, म्हणजे मी जन्माच्या आधी गेलो. माझा पुतण्या, ज्याला बारामतीत नुसतं चिकटवायचं होतं, तो आता कलेक्टर होणार होता. लोक हसत होते, डोळे पुसत होते, फोनवर चित्रीकरण करत होते. मी डोळा किलकिला करून विंगेतल्या घड्याळाकडं बघितलं. इंद्रजित तिथंच उभा होता, आणि तो घड्याळाकडं बघत नव्हता, सारजाताईंकडं बघत होता. बावीस मिनिटं झाली. महोत्सवाचा माणूस त्याच्या कानाशी लागला. पुढच्या संस्थेचे लोक आपलं सामान घेऊन मागं उभे होते.

"सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून," गुरुजी म्हणाले.

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. आप्पासाहेबांनी माईक गुरुजींकडं दिला, हात बांधले, डोळे मिटले. शांती म्हटली की पडदा पडणार हे इंद्रजितला कळलं, मला कळलं, आणि सारजाताईंनाही कळलं असणार. कारण त्या उठल्या, माझ्याशेजारी येऊन बसल्या, प्रेक्षकांकडं पाठ करून.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "आता उठून जायाची सोय न्हाय तुमाला."

कुणाला काही करता येईना. श्रद्धांजली चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही. महोत्सवाचा माणूस विंगेत पडद्याची खूण करायला हात वर करून उभा राहिला तो तसाच राहिला. आप्पासाहेबांनी एक डोळा उघडला आणि मिटला. या सगळ्यातून सुटका करणारा माणूस एकच, गुरुजी. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला. तेवढ्यात सारजाताई मला म्हणाल्या,

"बावीस वर्षं तुमी ताटावरनं उठताना म्हनला, मीठ कमी हाय. मीठ बरोबर हुतं. मी रोज चाखून बघत हुते."

गुरुजींचा माईक हळूहळू खाली आला. गुरुजींच्या घरी काय चालतं मला माहीत नाही, पण माईक परत वर गेला नाही.

सारजाताई बोलत राहिल्या. आवाज चढवला नाही, हुंदका काढला नाही. दूध केंद्रावर एखाद्याला दुधात पाणी आहे हे सांगावं तसं सांगत होत्या. नवऱ्यानं विकलेल्या गाईचं सांगितलं, त्यांना कधीच न आवडलेल्या हिरव्या लुगड्यांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "मला स्कूटी येती. भावाच्या पोरीनं शिकवली, कालव्याच्या रस्त्यानं. तुमी बाजाराला गेला की मी फाट्यापतुर जाऊन यायची. कुनी बघितलं न्हाय. कुनीतरी बघावं आसं लई वाटायचं."

ही वाक्यं मी दोन वर्षं ऐकली होती. तरी डाव्या डोळ्यातून काहीतरी निघालं आणि कानात जाऊन बसलं. प्रेताला ते पुसता येत नाही.

अकरा मिनिटं आठशे माणसं उभी होती. सारजाताई थांबल्या तेव्हा आप्पासाहेब माझ्या पायाशी खाली बसलेले होते. कधी बसले कुणालाच कळलं नाही. गुरुजींनी भानावर येऊन माईक पुढं केला, त्यांना वाटलं समारोप राहिला असेल. आप्पासाहेबांनी तो हातानं बाजूला सारला.

"बाईंचं झालंय," ते म्हणाले. "माझं काय राहिलं न्हाय."

मग गुरुजींनी शांती म्हटली.

परत येताना भिगवणला मासे खाल्ले. आप्पासाहेब गाडीत बोलले नाहीत, पण या वेळी ते भूमिकेत नव्हते.

पुढच्या रविवारी स्वरूपांचा लेख आला. इंद्रजित पुरवणी घेऊन दूध केंद्रावर आला तेव्हा रांग लागली होती. तो रांगेच्या पुढं जाऊन वाचायला लागला.

"'दुर्दैवाने शेवटच्या अकरा मिनिटांत दिग्दर्शकाचा तोल सुटला आणि त्याने नाटक घुसवले. एक बाई बसते आणि मनातले बोलते. यात रंगभूमी कुठे आहे? प्रेक्षकांना हे उभ्याने पाहण्याची शिक्षा का? आप्पासाहेबांच्या नटाने तर खाली बसून भूमिकेशी द्रोह केला. पहिल्या प्रयोगात सारे कसे आपोआप घडत होते. इथे मात्र हात दिसतो. बाई पाठमोरी का बसते, कुठे थांबते, कोणत्या वाक्यावर मान वळवते, हे सारे कोणीतरी महिनोन्महिने ठरवल्याचे सतत जाणवत राहते.'"

"हे वाईट लिहिलंय न्हवं?" सारजाताईंनी विचारलं.

"लई वाईट."

"मंग हसताय काय?"

इंद्रजितनं चष्मा काढला. "तुमाला पाठमोरं बसवायला मला चार महिने लागलं हुतं, ताई. त्यांनी ते बघितलं."

सारजाताईंनी हातातलं माप खाली ठेवलं. "परत वाचा ती ओळ. सावकाश."

त्यानं वाचली. रांगेतला एक म्हातारा कॅन खाली ठेवून ऐकत होता. "सर," तो म्हणाला, "ते काय घुसवलं म्हनत्यात, ते आमी कुठं बघितलंय? हितं घुसवा की एकदा."

"दूध नासंल, तात्या," सारजाताई म्हणाल्या. "अकरा मिनटं लागत्यात."

"नासू द्या."

सारजाताईंनी इंद्रजितकडं बघितलं. इंद्रजितनं पुरवणी खिशात घातली आणि रांगेतल्या लोकांना दोन पावलं मागं सरकायला सांगितलं, कारण त्या कोनातून मान वळलेली दिसत नाही.

मी मधले कॅन बाजूला केले आणि ओल्या फरशीवर आडवा झालो.